कुसुम देवपुजारी कुठं गेली?

समकालचा निकाल जाहीर व्हायला अजून दोन आठवडे होते, पण ठवकरांच्या घरात तो आधीच फुटला. फुटला कसला, मनवानंच फोडला. जिनं यंत्र बनवलं तिच्याच पोटात गोष्ट राहत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला काय बोलणार!

"ताई, पहिली तू!" ती दारातूनच ओरडली. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "महाराष्ट्रात आजवर ज्या ज्या बाईनं बास्केटबॉल हातात घेतला, त्या सगळ्या मोजल्या. सगळ्या! त्यात तू पहिली."

ईश्वरी ठवकर तेव्हा गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून सोफ्यावर आडवी पडली होती. नागपूर वाघिणी संघाची कर्णधार, बारा वर्षं राज्याकडून खेळलेली, नुकतंच एकतिसावं लागलेली. ती ताडकन उठून बसली आणि बर्फ सगळा गालिच्यावर सांडला.

"थट्टा करून राहिली का मनू?"

"आईची शप्पथ."

"माझी कशाला, स्वतःची घे ना," असं म्हणत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. गोष्ट कळल्यावर मात्र तिनं आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग दोघी लेकींना जवळ घेऊन डोळे पुसत बसली. महालात बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते त्या दिवशी भर दुपारी बंद झालं आणि बाबा संत्रा बर्फीचे चार डबे घेऊन घरी आले. कोणाला सांगायचं नाही, अशी ताकीद मनवानं दिली होती. म्हणून बाबा कारण न सांगता बर्फी वाटत सुटले. शेजारच्यांना वाटलं, ईश्वरीचं लग्न जमलं.

आनंद होण्यासारखंच होतं. वर्धा रोडवर राज्य बास्केटबॉल मंडळाचं नवं बंदिस्त क्रीडा संकुल उभं राहिलं होतं आणि समकाल जिला पहिली ठरवेल, तिचं नाव त्याला द्यायचं असा ठराव झाला होता. जिवंतपणी आपल्या नावाचं संकुल! ईश्वरीला आभाळ ठेंगणं झालं, आणि त्यात एक दिलासाही होता. कारण महिनाभरापूर्वीच वाघिणींचे व्यवस्थापक राजकारणे साहेब एक आलेख पुढं सरकवून तिला म्हणाले होते, "ईश्वरीताई, हा मोसम शेवटचा. पुढं मार्गदर्शक म्हणून राहा." त्या दिवशी ती घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती. आता निदान नाव तरी मागं राहणार होतं.

आता हे समकाल म्हणजे काय, ते सांगायलाच हवं.

कुठल्याही कट्ट्यावर जा, एक भांडण कधी मिटत नाही: पूर्वीचे खेळाडू मोठे की आताचे? म्हातारे म्हणतात, आमच्या वेळी असे होते! पोरं म्हणतात, त्या वेळी समोर होतं कोण? आकडे समोर ठेवले तरी भांडण मिटत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुरमाच्या मैदानावर, जड चामडी बॉलनं खेळताना अख्खा संघ मिळून पन्नास गुण करायचा. तीन गुणांची रेषाच नव्हती. आज लाकडी फरशीवर, दिव्यांखाली, नव्वद गुण सहज होतात. तेव्हाचे पंधरा मोठे की आताचे पंचवीस?

मनवाचं हे यंत्र, समकाल, पहिली गोष्ट करायचं ती अशी, की गुण किती हे सोडून द्यायचं आणि आपल्या काळातल्या इतरांपेक्षा ही किती वरचढ होती, तेवढंच बघायचं. पण एवढ्यानं भागत नाही. इतर सगळ्या कच्च्या असतील तर वरचढ असण्यात मोठेपणा कसला? म्हणून दुसरी गोष्ट, साखळी. मनवा ही गोष्ट भाषणात नेहमी एकाच पद्धतीनं समजावून सांगायची. "तुमची आणि तुमच्या पणजीची उंची शेजारी उभं राहून कधी मापता येणार नाही. पण पणजीशेजारी आजी उभी राहिली होती, आजीशेजारी आई, आणि आईशेजारी तुम्ही. एकेकीचा फरक कळला की पणजीपर्यंत पोचता येतं." खेळातही तसंच. आजची मुलगी कालच्या बाईविरुद्ध दोन मोसम खेळलेली असते, ती बाई परवाच्या बाईविरुद्ध. जुनी वर्तमानपत्रं, सामन्यांचे गुणफलक, आकाशवाणीची धावती वर्णनं, संघांचे पिवळे पडलेले फोटो, सगळं समकालनं वाचलं आणि ही साखळी ओवली.

तिसरी गोष्ट वयाची. माणूस कितव्या वर्षी चढणीला असतं आणि कितव्या वर्षी उताराला लागतं, हे कळल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. जुन्या बायकांच्या जन्मतारखा कोण छापतं? त्या मिळाल्या नाहीत, तेव्हा पहिला मोसम अठराव्या वर्षी धरायचा असं मनवानं ठरवलं होतं. त्यातून जो आलेख निघाला त्यात बायकांचा उतार अठ्ठाविशीला लागत होता. राजकारणे साहेबांच्या टेबलावर हाच आलेख होता. मनवाला हे ठाऊक होतं. विज्ञानापुढं बहीण कशी आणायची, म्हणून ती गप्प राहिली होती.

एकच जागा तिला खटकायची. एकोणीसशे सत्तरच्या आसपास साखळी एकदम बारीक व्हायची. पुरुषांच्या यादीत हे होत नव्हतं. बायकांच्या यादीत मात्र चांगल्या-चांगल्या खेळाडू एकवीस-बाविसाव्या वर्षी नाहीशा व्हायच्या आणि कधी नाव न ऐकलेल्या नव्याच कोणीतरी उगवायच्या. त्यात सातव्या क्रमांकावर असलेली अमरावतीची कुसुम देवपुजारी तर मनवाच्या मनातच बसली होती.

"बाविसाव्या वर्षी गायब, ताई! शाळेच्या संघातून आली म्हणून हिच्या वयाची नोंद तरी मिळाली. सहा मोसम अशी खेळली की समोरचीला घाम फुटावा, आणि मग नावच नाही. कुठं गेली असेल गं?"

"लग्न झालं असेल," ईश्वरी म्हणाली.

"तेच. लग्न झालं, खेळ सुटला. एवढ्या बायका अशाच वाया गेल्या बघ." मनवा हळहळली. जिथं साखळी तुटत होती तिथं तिनं सरासरी धरून सांधा जोडला आणि पुढं गेली. तिचं काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही, कारण ही गोष्ट सगळ्यांनी घरोघर पाहिलेली होती.

निकालाच्या समारंभाच्या आठवड्यातच संघातल्या गार्गीचं लग्न होतं. सगळ्या वाघिणी साड्या नेसून आल्या होत्या आणि निम्म्या जणी साडीत पाय अडकून धडपडत होत्या. संध्याकाळी कार्यालयातच लक्ष्मीपूजनाची मांडणी झाली. ताटात तांदूळ पसरले. नवऱ्या मुलानं अंगठी हातात घेतली, बायकोचं नवं नाव तांदळात लिहायला. सगळ्या पोरी ताटावर वाकल्या. त्यानं लिहिलं, 'गार्गी'.

टाळ्या, शिट्ट्या, एकच गिल्ला. "शहाणा आहे रे जावई!" कोणीतरी ओरडलं.

ईश्वरीशेजारच्या खुर्चीत वसुधाबाई पांढरीपांडे पेढा खात बसल्या होत्या. वय ऐंशी, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. शाळेत पीटीच्या बाई म्हणून निवृत्त झाल्या तरी धंतोलीच्या मैदानावर रोज सकाळी त्यांची खुर्ची मांडलेली असायची. ईश्वरीला पहिला पास झेलायला त्यांनीच शिकवलं होतं. समकालच्या यादीत त्या अकराव्या होत्या: बारा मोसम खेळलेली, चमक बेताची, पण चिवट खेळाडू.

"हुशार आहे पोरगा," बाई म्हणाल्या. "नाही तर आमचे हे! न विचारता लिहून टाकलं 'वसुधा'. दुसऱ्या दिवशी सासूबाई माजघरातून हाका मारून राहिल्या, वसुधा, ए वसुधा. अन् मी बसली ओसरीत, म्हटलं ही कोण बाई आहे बाप्पा, उत्तर का देऊन नाही राहिली!"

ईश्वरी खो-खो हसली. हसता हसताच तिनं विचारलं, "मग तुमचं आधीचं नाव काय होतं, बाई?"

"कुसुम."

ईश्वरीचा पेढ्याचा हात तोंडाशीच थांबला.

"कुसुम... काय?"

"देवपुजारी. आम्ही अमरावतीचे ना. का गं? घशात अडकलं का काही? पाणी पी."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी विचारलंस?" बाई सरळ म्हणाल्या आणि दुसरा पेढा उचलला.

गर्दीत, सनईच्या आवाजात ईश्वरी बोटांवर मोजायला लागली. सातवी आणि अकरावी, एकच बाई. सहा मोसम आणि बारा मोसम, मिळून अठरा. हिशेब करायला यंत्राची गरज नव्हती. पहिला क्रमांक आपला राहत नाही हे तिला तिथल्या तिथं कळलं.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस ईश्वरी कोणाशी धड बोलली नाही. खोटं कशाला सांगा, तिला बाईंचा राग आला. पन्नास वर्षं गप्प बसली, आणखी थोडे दिवस गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं! मग स्वतःचीच लाज वाटली. मग पुन्हा वाटलं, हे फक्त मला माहीत आहे. बाईंना यादीचा पत्ता नाही, मनवाला नावाचा पत्ता नाही. मी तोंड मिटून घेतलं तर रविवारी माझ्या नावाची पाटी लागते. बाबा गल्लीत ताठ मानेनं चालतात. गुडघा तर गेल्यातच जमा आहे, खेळ संपलाच आहे, मग हे तरी का सोडायचं?

शुक्रवारी सकाळी ती सरावाला गेली. बाई खुर्चीत बसून एका लहान मुलीवर खेकसत होत्या. "कोपर आत! आत घे म्हटलं ना! बॉल काय देवाला वाहून राहिली का?" ईश्वरी दुरून बघत राहिली. आणि तिच्या मनात आलं, अठरा मोसम. ही बाई अठरा मोसम खेळली आणि लोक समजतात, सहा वर्षं चमकली ती कुसुम संपली आणि बारा वर्षं रखडली ती वसुधा वेगळीच. आपल्या बाबतीत असं कोणी केलं असतं तर? तिला ते सहनच होईना. ती सराव अर्धवट टाकून घरी आली.

मनवा भाषणाची तयारी करत होती. ईश्वरीनं तिच्यासमोर बसून सरळ सांगून टाकलं.

मनवा आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. मग ती भडकली.

"आता? परवा समारंभ आहे, आज सांगून राहिली तू? पत्रिका वाटून झाल्या, मंत्री येऊन राहिले! आणि एका बाईचं नाव बदललं, तर एक चूक. एका चुकीनं यंत्र खोटं नाही ठरत."

"एका बाईचं?" ईश्वरी म्हणाली. "मनू, एकीचंच बदलत होतं का?"

दोघी एकदम स्वयंपाकघराकडं बघायला लागल्या.

"आई," मनवानं हाक मारली, "तुझं माहेरचं नाव काय गं?"

"पाटील की."

"आडनाव नाही. नाव."

आई पोळी लाटता लाटता थांबली. "ज्योत्स्ना," ती म्हणाली. "तुमच्या बाबांना उच्चारताच येत नव्हतं धड, म्हणून मंगला ठेवलं." आणि पुन्हा लाटायला लागली.

अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून मनवाला हे ठाऊक नव्हतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. परदेशातल्या कोणा शास्त्रज्ञानं हे यंत्र बनवलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तुमच्याकडं बायका बाविशीला नाहीशा का होतात? हिनं विचारलंच नाही. तिला वाटलं, तिला उत्तर माहीत आहे. लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, नाव बदलतं, हेही माहीत होतं आणि लग्न झालं की खेळ सुटतो, हेही. दोन्ही माहीत असून दुसरं खरं धरलं आणि पहिलं विसरली.

"त्या थांबल्याच नव्हत्या, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी त्यांना वाया गेल्या म्हणाले. त्या लग्न करून, नाव बदलून, पुन्हा मैदानात येऊन उभ्या राहिल्या, आणि मी म्हणाले वाया गेल्या."

तिनं त्याच दुपारी मंडळाला कळवलं. अध्यक्षांनी फोनवर भरपूर तोंडसुख घेतलं. पण चुकीची पाटी लावून मग उतरवण्यापेक्षा समारंभ महिनाभर पुढं ढकललेला बरा, हे त्यांनाही पटलं. बाबांनी गल्लीत काय सांगायचं ते विचारलं. ईश्वरी म्हणाली, सांगा की मुलीचं लग्न मोडलं.

मग समकालला नवं काम लागलं. एक खेळाडू जिथं नाहीशी होते, तिथून दोन-तीन वर्षांत कुठं कोण उगवते, ते शोधायचं. दोघींची फोटोतली उंची जुळते का? फ्री थ्रोत दहापैकी किती जातात? डावीकडून घुसायची सवय आहे की उजवीकडून? फाउल कधी करते, संघ पुढं असताना की मागं पडल्यावर? नाव बदलता येतं, माहेर-सासर बदलता येतं, पण हात कसा बदलणार? समकाल प्रत्येक जोडीपुढं, या दोघी एकच असण्याची शक्यता किती, ते मांडायचं. शेवटची खात्री मात्र फोन करूनच होत होती आणि त्या कामावर वसुधाबाई स्वतः बसल्या. त्यांना क्रमांकांचं काही सांगितलं नव्हतं, फक्त जुन्या मैत्रिणी शोधायच्या आहेत एवढंच.

काय गंमत उडाली त्या दिवसांत! मनवाची खोली म्हाताऱ्यांच्या आवाजांनी भरून गेली. कोण जळगावहून बोलतेय, कोण मुलाकडं पुण्यात, कोण गुडघे बदलून बसलीय. अकोल्याच्या एका बाईला विचारलं, "तुम्ही सुलभा गाडगेंना ओळखता का? त्र्याहत्तरनंतर त्यांचा पत्ता नाही."

"ओळखते म्हणजे?" पलीकडून आवाज आला. "मीच ती! अन् तुमच्या यादीत अर्चना कुकडे असेल ना, ती पण मीच. दोघींनाही चहाला बोलवा, मी एकटीच येईन."

हसून हसून वसुधाबाईंना ठसका लागला.

जोड्या जुळत गेल्या तशी साखळी भरून आली. दोन दशकांच्या मधला सांधा आता अंदाजाचा राहिला नाही, तिथं खऱ्या बायका उभ्या राहिल्या. एके दिवशी मनवा ईश्वरीच्या खोलीत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"बाई पहिल्या."

"ते मला तांदळाच्या ताटापाशीच कळलं होतं. मी दुसरी ना?"

"दुसऱ्या त्या अकोल्याच्या. गाडगे-कुकडे. तू तिसरी."

ईश्वरीला लागलं. लागणारच. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पण मनवा गेली नाही.

"अजून एक आहे, ताई. तू मला मारशील." मनवा म्हणाली. "ज्यांच्या जन्मतारखा नव्हत्या त्यांचा पहिला मोसम मी अठराव्या वर्षी धरला होता. पण त्या नव्या नव्हत्याच. लग्न होऊन परत आलेल्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या. सगळ्यांचं वय मी सहा-सात वर्षांनी कमी धरलं. यंत्राला त्या अठ्ठाविशीला उतरताना दिसल्या, तेव्हा त्या खरं तर पस्तिशीच्या होत्या." तिनं नवा आलेख ईश्वरीपुढं धरला. "उतार अठ्ठाविशीला नाहीच आहे. वसुधाबाईंचा सगळ्यात चांगला मोसम तेहतिसाव्या वर्षीचा. दोन पोरं झाल्यावरचा. आणि मी राजकारणेंच्या टेबलावर तो आलेख ठेवला आणि तुला घरी बसवलं."

बारा वर्षं ईश्वरी आपल्या शरीराचं ऐकत आली होती. गेल्या दोन महिन्यांत मात्र शरीर काही म्हणत नसताना आलेखाचं ऐकून ती मनानं म्हातारी झाली होती. गुडघा दुखत होता, पण तो सतराव्या वर्षापासून दुखत होता! तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

"तुला मारणारच आहे," ती म्हणाली, "पण आधी गाडी काढ."

राजकारणे साहेबांनी नवा आलेख उलटापालटा करून पाहिला. "पण ईश्वरीताई, गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझा आहे, साहेब. तो मी सांभाळीन. उतार तुमचा होता."

साहेबांनी डोकं खाजवलं, पाणी मागवलं आणि तीन मोसमांचा करार काढला.

वसुधाबाईंना निकाल सांगायला अध्यक्षांनी फोन केला, तेव्हा ईश्वरी तिथंच मैदानावर होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला होता. अध्यक्षांनी शेवटी विचारलं, संकुलाला नाव कोणतं द्यायचं, कुसुम देवपुजारी की वसुधा पांढरीपांडे?

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "माझं नाव लिहायच्या आधी मला कोणी विचारून राहिलंय, हे पहिल्यांदाच घडलं. घाईनं कसं सांगू? समारंभात सांगते."

समारंभाला संकुल ओसंडून वाहत होतं. समोरच्या तीन रांगा म्हाताऱ्यांच्या. कोणी काठी घेऊन, कोणी नातवाच्या हाताला धरून, पण सगळ्यांच्या पायात बूट. साडीवर बूट! बसताना पाय पुढं करून मुद्दाम दाखवत होत्या. ईश्वरी बाजूला संघासोबत उभी होती. तिसऱ्या क्रमांकाचा हार गळ्यात पडला, टाळ्या झाल्या, आणि तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. खरं तर वाईट वाटलंच नाही. तिच्याआधी इतक्या जणी इतकं जबरदस्त खेळून गेल्यात आणि आपण त्यांच्यातल्या आहोत, या विचारानं छाती भरून आली.

"श्रीमती वसुधा पांढरीपांडे!" माइकवरून नाव आलं.

बाई उठल्या. मंचाच्या पायऱ्या चढायला लागल्या. आणि तेवढ्यात मागून, त्या तीन रांगांतून, एक चिरका म्हातारा आवाज मैदानातल्यासारखा कडाडला. "कुसुम! डावीकडं!"

ऐंशी वर्षांची बाई गर्रकन वळली. हात आपोआप छातीपाशी आले, बोटं पसरून, बॉल झेलायला.

मग म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. "कुसुम! कुसुम!" आणि मग त्यांना आवरता येईना. एकमेकींना जुन्या नावांनी हाका मारत सुटल्या. सुलभा! विमल! ए प्रमिला! मंत्र्यांना कळेना काय चाललंय. ईश्वरीच्या घशाला कोरड पडेपर्यंत ती ओरडत होती. बाबांशेजारी बसलेल्या आईकडं तिचं लक्ष गेलं, तर आईही उभी राहून टाळ्या वाजवत होती. जिनं आयुष्यात बॉलला हात लावला नाही, तीसुद्धा.

बाईंनी हात खाली घेतले, पदर सारखा केला आणि माइकपाशी गेल्या.

"पाटीवर काय लिहायचं, असं विचारलं होतं मला," त्या म्हणाल्या. "कुसुम लिहिलं तर वसुधाचे बारा मोसम जातात. वसुधा लिहिलं तर कुसुमचे सहा. दोन्ही नावांनी मीच खेळले आहे. पाटी मोठी करा."

टाळ्या थांबायचं नाव घेईनात. बाई उतरून आल्या त्या सरळ ईश्वरीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मनवानं त्यांना सगळं सांगितलं होतं, तांदळाच्या ताटापासूनचं. पण त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मैदानावर नव्या पोरीला न्याहाळायच्या तसं.

"तिसरी म्हणे?"

"हो, बाई."

"वय?"

"एकतीस."

"अन् खेळून राहिली अजून?"

"तीन मोसम, बाई. जमलं तर जास्त."

बाईंनी मान डोलावली. मग जवळ येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "रंगाऱ्याला सांगितलंय मी, पाटी कच्च्या रंगात लिही म्हणून. उद्या तुझं नाव लिहायची वेळ आली तर पुसता यायला पाहिजे."

ईश्वरीनं गळ्यातला हार काढून मनवाच्या हातात दिला आणि आपले बूट कुठं ठेवलेत ते शोधायला निघाली.